स्टॅन स्वामी आपले कोण?

अमरावतीच्या अभ्यासवर्गात फादर स्टॅन स्वामींचं नाव काढलं की एखादा पोरगा हमखास विचारतो, "भाऊ, पाद्र्यायचं कौतुक आपन कायले करावं?"

प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनीच भारतीय ख्रिस्ती समाजाला सुनावलं होतं, की समाज म्हणून तो सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाही, आणि जात चर्चमध्येही सोबत घेऊन गेला.

पण स्टॅन स्वामी लढले. रांचीच्या 'बगईचा'त राहून हे जेझुइट धर्मगुरू आदिवासींच्या जमिनीसाठी उभे राहिले. नक्षली ठरवून डांबलेल्या आदिवासी तरुणांसाठी हायकोर्टात गेले. त्यांच्यासाठी येशू म्हणजे सत्तेला प्रश्न विचारणारा माणूस. ८ ऑक्टोबर २०२० ला भीमा कोरेगाव प्रकरणात यूएपीएखाली अटक झाली, तेव्हा वय ८३. पार्किन्सनने हात थरथरायचे, पाणी प्यायच्या नळीसाठी कोर्टात अर्ज करावा लागला! खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ ला, कोठडीत असतानाच ते गेले. त्याच प्रकरणात आपल्या राजूरचे (जि. यवतमाळ) आनंद तेलतुंबडेही आरोपी. मग हा पाद्री परका कसा?

अकोल्यात कामानिमित्त काही ख्रिस्ती घरांत जातो. पूर्वाश्रमीचे महार-मांगच ते. बौद्धांना केंद्राने १९९० मध्ये अनुसूचित जातीत घेतलं. यांना १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने बाहेरच ठेवलं. धर्म बदलल्याने जात सुटत नाही, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? तरी आपल्या एकाही मोर्चात ही मागणी मी अजून ऐकलेली नाही.