खडीसाखरेतला दोरा

इंझोरीला आजी खडीसाखर फोडून आतला दोरा दाखवी. त्याच्याभोवती साखर संथपणे साचत जाते. रणगाड्यांवरील लेझर अंतरमापकांविषयी वाचताना मला तोच दोरा पुन्हा भेटला. 1916 मध्ये यान चोक्राल्स्की या रसायनशास्त्रज्ञाने लेखणी दौतीऐवजी वितळलेल्या कथलात बुडवली म्हणे. टोकाला धातूचा एकस्फटिकी तंतू लागून आला. त्याच रीतीने लेझरसाठीचा निओडिमियम-याग स्फटिक सुमारे 1970 अंश सेल्सिअसच्या रसातून तासाला जेमतेम मिलिमीटरभर वर ओढतात. घाई केली की आत दोष राहतो, किरण विस्कटतो.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही एकस्फटिक वाढवले जातात. विजापूरच्या मुलुखमैदान तोफेवर ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हुसेन रूमीचे नाव कोरलेले आहे. लेझरच्या स्फटिकावर नाव कोरता येत नाही. मग भट्टीपाशी रात्री जागणाऱ्यांच्या नोंदवह्या तरी कुणी जपल्या आहेत काय?