वाढत्या अंगाचं

जून महिन्यात पाचवीच्या वर्गावर पहिल्यांदा गेलं की एक दृश्य हमखास दिसायचं. सदऱ्याच्या बाह्या कोपराच्याही खाली लोंबताहेत, हाफ पँट गुडघ्यावर आली आहे आणि करगोट्याने कशीबशी आवळून धरली आहे. सोबत आलेली आई आपणहून सांगायची, "वाढत्या अंगाचं घेतलंय, बाई." मला त्यात काही वावगं वाटलं नाही कधी. माझी दोन्ही मुलं मी याच नियमाने वाढवली. आमच्यासारख्यांच्या घरात कपडा अगदी मापाचा घेणं म्हणजे उधळेपणा. वर्षभरात आखूड झाला तर काय करायचं?

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी नात. धाकट्याची मुलगी, पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी तिने साडेतीनशे सीसीची मोटरसायकल घेतली. (आमच्या वेळी मुलीने लूना चालवली तरी गल्ली वळून बघायची. असो.) दिवाळीत साताऱ्याला आली आणि माळ्यावरची बॅग काढताना तिच्या हाती एक काळं चामडी जाकीट लागलं. "आजी, हे बाबांचं ना? काय भारी आहे! मी नेते हे. फेब्रुवारीत आम्ही कोकणात चाललोय गाड्यांवर."

मी म्हटलं, "ते नको."

"का गं? नुसतं पडून तर आहे."

तर ते का पडून आहे, हे मी इतक्या वर्षांत घरात कोणाला नीट सांगितलं नव्हतं. ते जाकीट मीच घेतलं होतं, २००२ च्या हिवाळ्यात. धाकटा दर शनिवारी पुण्याहून मोटरसायकलने यायचा, खंबाटकीच्या घाटात थंडी वाजते म्हणायचा. मी पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि त्याला दुकानात घेऊन गेले. त्याने एक घालून पाहिलं, ते अंगाला छान बसलं. मी दुकानदाराला म्हटलं, "याच्यापेक्षा एक माप मोठं द्या. लग्न झालंय, आता भरेल अंगाने. शिवाय आतून स्वेटर घालता येईल." दुकानदाराला काय, त्याने दिलं.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, घाट उतरून आल्यावर एका वळणावर सांडलेल्या खडीवरून त्याची गाडी घसरली. वेग फार नव्हता. तो डाव्या कुशीवर पडला आणि डांबरावरून घासत गेला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. पण ढगळ बाही पडल्याबरोबर सरकत वर गेली, पार दंडापर्यंत. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी रस्त्यावर राहिली. दवाखान्यात ब्रशने घासून खडीचे कण काढले, तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. पुढे मांडीची कातडी काढून हातावर लावावी लागली. आणि जाकीट? खांद्यावर चार ओरखडे, बाकी अगदी शाबूत! चामड्याने आपलं काम करायला नकार दिला नव्हता. काम होतं त्या जागी ते नव्हतंच.

हे मी नातीला सांगितलं. ती काही बोलली नाही. जाकीट घडी करून परत बॅगेत ठेवलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मग तूच चल माझ्याबरोबर, नवीन घ्यायला."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण जानेवारीत खरंच घेऊन गेली. मी एसटीने स्वारगेटला उतरले, तिथून रिक्षाने दुकानात. ती तिच्या गाडीवरून आली होती. वाचकहो, पंचाहत्तरीची नऊवारी-पाचवारी बाई मोटरसायकलच्या कपड्यांच्या दुकानात शिरली की विक्रेत्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण मी पन्नास वर्षं घरचे कपडे घरी शिवलेत. बाही, मुंढा, शिवण हे मला कोणी शिकवायला नको.

पहिलं जाकीट मी बोटांच्या चिमटीत धरून पाहिलं. मऊ, लोण्यासारखं. मुलगा म्हणाला, "आजी, ते फॅशनचं आहे, मेंढीचं. गाडीसाठी नाही." गाडीचं चामडं बहुधा गाईचं किंवा म्हशीचं असतं, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड. तो चांगला मुलगा होता, विचारलं ते सगळं सांगत गेला. जाकिटाच्या आत एक चिठ्ठी शिवलेली असते. २०२० सालापासून युरोपात ईएन १७०९२ नावाचं मानक आहे, त्यात घासण्याला, फाटण्याला, शिवण उसवण्याला किती टिकतं ते पाहून एएए, एए, ए अशा श्रेणी देतात. कोपर, खांदा इथल्या पॅडचं मानक निराळं, त्यात पातळी एक आणि दोन. दोन म्हणजे धक्का जास्त शोषणारं. पाठीच्या खिशात मात्र पुष्कळदा नुसता स्पंजाचा तुकडा असतो, खरं पॅड वेगळं विकत घ्यावं लागतं. हे मला फारच लबाडीचं वाटलं. वहीच्या वेष्टणावर दोनशे पानं लिहायची आणि आत दीडशे द्यायची, त्यातलाच प्रकार.

शिवणी मी स्वतः पाहिल्या. बाहेरून एकच टीप दिसत असेल तर आत दुसरी आहे की नाही हे उलटून पाहायचं. कोपराच्या आणि खांद्याच्या टोकावर जोड जितके कमी तितकं बरं, कारण पडल्यावर आधी उसवते ती शिवण. आणि एक गोष्ट मला तिथे नव्याने कळली. कापडात आपण आत माया ठेवतो, पुढे उसवून वाढवता येतं. चामड्यात तसं करता येत नाही. जिथे सुई गेली तिथे भोक कायमचं राहतं आणि तेवढ्या ओळीवर चामडं कच्चं होतं. म्हणजे वाढत्या अंगाचा हिशेब इथे मुळातच चालत नाही. शिवाय चामडं वापराने अंगाबरोबर सैल पडत जातं, म्हणून नवं असताना ते घट्टच हवं. श्वास घेता आला पाहिजे, हात फिरले पाहिजेत, बस्स.

नातीने एक घातलं आणि आरशासमोर उभी राहिली. मुलग्यांचं होतं, त्यांच्यातलं लहान माप. कमरेखाली आवळत होतं आणि खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. बायकांच्या बेताचं दुसरं काढलं. ते खांद्यावर नेमकं बसलं, पण तिचं तोंड वाकडं. "पुढून आखूड आहे, आजी. आणि बाह्या बघ, आपोआप वाकतात, रोबो असल्यासारखं वाटतंय."

मी म्हटलं, "तू आरशासमोर उभी राहून गाडी चालवतेस का?"

तशीच तिला बाहेर फुटपाथपाशी नेलं आणि तिच्या गाडीवर बसवलं. हात हँडलवर ठेव म्हटलं. बसल्याबरोबर सगळं जागेवर आलं. आखूड वाटणारा पुढचा भाग पोटाशी गोळा झाला नाही, पाठीकडचा लांब भाग कमरेखाली उतरला, वाकलेल्या बाह्या हाताच्या बाकाला बरोबर लागल्या. कापणाऱ्याने माणूस बसलेला धरूनच बेतलं होतं. तो विक्रेता म्हणाला, शॉट कंपनीने १९२८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोटरसायकलवाल्यांसाठी जाकीट काढलं, त्याची चेन तिरकी ठेवली ती काही दिसायला बरी म्हणून नाही. वाकल्यावर टोचू नये आणि छातीवर एकावर एक पदर येऊन वारा अडावा म्हणून. पुढे १९५३ च्या सिनेमात मार्लन ब्रँडोने तसलं जाकीट घातलं आणि मग गाडी नसलेल्यांनीही ते घ्यायला सुरुवात केली.

मग मी माझी परीक्षा घेतली. तिच्या मनगटाजवळची बाही दोन्ही हातांनी धरली आणि वर खेचली. जोर लावून खेचली. "आई गं, आजी, हात उपटशील!" पॅड कोपरावरून हललं नाही. दुसऱ्या हाताला तसंच केलं. मग हातमोजे घालून पाहिले. मोज्याची पट्टी बाहीवर बसते का, मध्ये कातडी दिसते का. पँट घेताना ती खाली बसवून गुडघ्याची वाटी आणि पॅड जुळतात का ते पाहिलं, आणि जाकीट-पँट जोडायची चेन मागच्या बाजूला लावून घेतली. दुकानातली मुलं एव्हाना हसायची थांबली होती.

किंमत सांगत नाही. नातीने स्वतःच्या पगारातून दिली. मी पैसे काढायला लागले तर तिने माझी पिशवी बंद केली.

रात्री धाकट्याचा फोन आला. तिने त्याला सगळं सांगितलं होतं, माळ्यावरच्या जाकिटाचंही. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आई, ते मला मोठं होतंय हे दुकानातच कळलं होतं मला. पण तू रुमालातून सुट्ट्या नोटा काढून मोजत होतीस. कसं सांगणार?" मला काही सुचेना. डाव्या हाताचं विचारलं, थंडीत अजून ओढतो का. म्हणाला, थोडा.

नातीला मी दोनच सूचना दिल्यात. ओलं झालं तर उन्हात टाकायचं नाही, सावलीत रुंद हँगरवर वाळवायचं. आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचं नाही, बुरशी धरते. ती म्हणते आता एप्रिलच्या उन्हात सिग्नलला जीव जातो. जाळी पाडलेलं चामडं घ्यायला हवं होतं का, असा विचार मलाही येतो. पण काढून डिकीत ठेवत नाही ना, एवढं मी दर रविवारी फोनवर विचारते.

परवा माळा साफ करायला बाई आल्या होत्या. जुनं जाकीट कोणाला देऊ का, म्हणाल्या. मी बाह्या कापून घेतल्या आणि मग दिलं.