आधी न्हाणीघर, मग हॉल

घर बांधायला काढले की आपल्याकडे पहिली बैठक भरते ती हॉलवर. शोकेस कुठे, टी.व्ही. कुठे, बाबासाहेबांचा फोटो कोणत्या भिंतीला. मग स्वयंपाकघर. आणि मोरी? उरलेल्या कोपऱ्यात, उरलेल्या पैशात, उरलेल्या फरशीत! भगिनींनो, मला याचा राग येतो.

आमचे घर नाशिकला सिडकोत. ह्यांना अंबडच्या कारखान्यातून निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा मुलाला हॉलमध्ये चकचकीत टाइल्स हव्या होत्या. मी म्हटले, आधी न्हाणीघर. त्यावरून आठ दिवस घरात अबोला!

माझ्या हट्टाला कारण होत्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची उमेदीची वर्षे सिन्नर तालुक्यातल्या वस्तीवर गेली. आडोसा म्हणजे दोन तट्टे आणि एक जुने लुगडे. उजाडायच्या आत चार तांबे अंगावर घ्यायचे, तेही नेसत्या वस्त्रानिशी. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. पण गावच्या विहिरीत आपला पोहरा पडायला पुढे किती वर्षे लागली, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सिडकोत नळ आला, दाराला कडी आली, तरी आत्याबाई लुगडे नेसूनच अंघोळ करीत आणि पाच मिनिटांत ओलेत्याने बाहेर येत. आता वय ऐंशी. ओले लुगडे पायात अडकले तर?

जागा साडेचार बाय सहा फूट. जुनी शहाबादी काढली, कारण तिच्या सांध्यांत साबण साचून शेवाळ धरायचे. जमिनीला खरबरीत टाइल्स घेतल्या. दुकानदार गुळगुळीत दाखवतो, दिसायला छान असतात, पण ओल्या पायाला वैरी. नळाकडच्या भिंतीला सात फुटांपर्यंत टाइल्स, बाकी तिन्ही भिंतींना चार फूट. त्यात बरेच पैसे वाचले. रंग पांढरा, मधून एक निळी पट्टी. ती आत्याबाईंनी निवडली. आरसाही त्यांच्या उंचीला लावला. मुलाला वाकून भांग पाडावा लागतो, पाडू दे!

बसून अंघोळीसाठी सोळा इंच उंचीचा कडाप्प्याचा ओटा केला. शेजारी धरायला स्टीलचा दांडा, तोही विटांच्या भिंतीत खोल बसवलेला; नुसत्या टाइलवर बसवलेला दांडा ऐन वेळी हातात येतो. दार बाहेर उघडणारे ठेवले. आत माणूस पडला आणि दार आत उघडणारे असले, तर पडलेल्या अंगालाच ते अडते. लुगडे ओले होऊ नये म्हणून कोरड्या कोपऱ्यात उंचावर दोन खुंट्या ठोकल्या. खुंट्या लागल्यापासून आत्याबाई लुगडे खुंटीवर ठेवून अंघोळ करतात. मी काही बोलले नाही, त्याही नाही.

गॅस गिझरबद्दल मात्र स्पष्ट सांगते. नाशिकची डिसेंबरची थंडी आपल्याला माहीतच आहे; वारा नको म्हणून आपण खिडकी लावून घेतो. बंद जागेत गिझरची ज्योत हवेतला प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. माणूस बेशुद्ध पडतो ते कळतही नाही. म्हणून गिझर मागच्या उघड्या गॅलरीत लावला, आत फक्त गरम पाण्याचा नळ. खिडकी सहा फुटांवर, झडपांची, दुधी काचेची. विजेचा गिझर असेल तर विजेची गळती होताच वीज तोडणारे ई.एल.सी.बी. यंत्र वायरमनकडून बसवून घ्यावेच.

उतार चार फुटांना पाऊण इंच, नहाणी ट्रॅपकडे. बाहेरच्या खोलीपेक्षा आतली जमीन इंचभर खाली. आणि टाइल्स बसवण्याआधी, कोबा वाळला की ट्रॅपला बोळा घालून जमिनीवर दोन इंच पाणी चोवीस तास ठेवावे. भिंतीच्या पलीकडे ओल आली नाही तरच पुढचे काम. गवंडी घाई करतो, दुसरीकडे काम लागलेय म्हणतो. त्याला चहा द्या, खाडा भरून द्या, पण पाणी ठेवाच.