आज रोख, उद्याही रोख!

परदेशी निघालेल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नसते. स्वेटर किती घ्यावेत, लोणचे कशात भरावे, विमानात कानांत कापूस घालावा की नाही, हे सारे शेजारीपाजारी आपण होऊन सांगतात. पण खिशात काय घालून न्यावे, या प्रश्नावर आमच्या घरात निघण्यापूर्वी पंधरा दिवस सरळसरळ दोन पक्ष पडले होते. एक चिरंजीवांचा कार्डपक्ष आणि दुसरा सौभाग्यवतींचा रोखपक्ष.

"आई, जर्मनी म्हणजे यंत्रांचा देश! आपली कोपऱ्यावरची भाजीवाली मोबाइलवर पैसे घेते, तर तिथे काय नोटा मोजत बसणार आहेत?" चिरंजीव म्हणाले.

"नसतील बसत. पण मी दोनशे युरो सुटे बरोबर घेणारच," असे म्हणून सौ.नी नोटांची घडी बटव्याच्या चोरकप्प्यात सारली. मी तटस्थ राहिलो. संसारात तटस्थ राहणारा गृहस्थ फार मोठे काही करीत नसला, तरी त्याला दोन्ही बाजूंचे नीट ऐकू येते.

आमचा पहिला मुक्काम फ्रायबुर्गला होता. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, 'काळे अरण्य' म्हणून प्रसिद्ध असलेल्या डोंगराळ मुलुखाच्या पायथ्याशी वसलेले हे टुमदार शहर. रस्त्यांच्या कडेने दगडी पाटांतून झुळझुळ पाणी वाहत असते. त्यात चुकून पाय पडला, तर त्या गावच्याच माणसाशी लग्न होते, अशी तिकडे समजूत आहे. सौ. चिरंजीवांना सारख्या जपून चालायला सांगत होत्या, ते पाय ओले होऊ नयेत म्हणूनच असे नाही!

पहिल्या दिवशी कार्डपक्षाची सरशी झाली. स्टेशनवरचे तिकीटयंत्र, मोठे वाणसामानाचे दुकान, हॉटेल, सगळीकडे कार्ड टेकवायचा अवकाश की काम फत्ते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथल्या उंच मनोऱ्याच्या जुन्या चर्चभोवती भरणाऱ्या बाजारात गेलो. रविवार सोडून रोज भरणारा हा बाजार म्हणजे आपल्या मंडईचे नीटनेटके धाकटे भावंड. चेरींचा ढीग पाहून सौ. थांबल्या. चिरंजीवांनी ऐटीत कार्ड पुढे केले. बाईंनी हसून ढिगामागच्या पाटीकडे बोट दाखवले. 'नूर बारत्सालुंग', म्हणजे फक्त रोख. आपल्या किराणा दुकानांत 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असे, तिचाच हा जर्मन अवतार. फरक एवढाच की इथे उद्याही रोखच!

आणखी एक मौज अशी की, जिथे कार्ड चालते अशी पाटी असते तिथेही आपले कार्ड चालेलच असे नाही. जर्मनांचे स्वतःचे 'गिरोकार्ड' म्हणून एक आहे. खर्च केला की पैसे लगेच खात्यातून वजा. कित्येक लहान दुकाने तेवढेच स्वीकारतात. आपल्या परदेशी कार्डाला तिथे मान नाही. काही ठिकाणी दहा युरोंच्या खालच्या खरेदीला कार्ड काढूच देत नाहीत. कार्डाच्या यंत्रापायी द्यावी लागणारी वटणावळ छोट्या दुकानदाराच्या नफ्याला कुरतडते, हे त्याचे साधे कारण.

खरी परीक्षा मात्र पुढेच होती. टीटीझे सरोवराच्या पलीकडच्या एका खेड्यात आम्ही संध्याकाळी एका खानावळीत जेवलो. चीज घातलेल्या जाडसर शेवया आणि वर त्या अरण्याच्या नावाने जगभर गाजलेला चेरीचा केक. बिल झाले चौऱ्याहत्तर युरो. शेवटच्या बसला वीस मिनिटे उरली होती, पैसे काढायचे यंत्र होते शेजारच्या गावात, आणि सत्तरीच्या घरातल्या मालकीणबाईंकडे कार्डाचे यंत्रच नव्हते. चिरंजीवांचा चेहरा उतरला. परक्या देशात जेवून बसायचे आणि पैसे देता येऊ नयेत, यासारखी लाज नाही.

बाई मात्र शांत होत्या. त्यांनी एका चिठ्ठीवर आपल्या बँकेच्या खात्याचा क्रमांक लिहिला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "बस चुकवू नका. घरी पोहोचलात की पाठवा."

ना आमचे नाव विचारले, ना पासपोर्ट मागितला! सौ.नी चोरकप्पा उघडून चौऱ्याहत्तर आणि वर सहा असे ऐंशी युरो टेबलावर ठेवले, म्हणून चिठ्ठीची गरज पडली नाही. पण ती चिठ्ठी माझ्या मनातून जाईना. अनोळखी माणसावर इतका विश्वास टाकणारी बाई कार्डावर मात्र विश्वास टाकत नाही, हे काय गौडबंगाल?

उत्तराचा एक धागा तिथेच भिंतीवर टांगलेला होता. चौकटीत एक जुनी नोट होती, १९२३ सालची, दहा कोटी मार्कांची. त्या साली जर्मनीत चलनाचा असा काही चुराडा झाला की, नोव्हेंबरात एका डॉलरला ४,२०,००० कोटी मार्क पडू लागले. बर्लिनमध्ये पावाच्या एका लादीला सुमारे वीस हजार कोटी मार्क मोजावे लागत. आयुष्यभराची शिल्लक एका पावाइतकीही उरली नाही. नवे चलन आले तेव्हा कुठे थारा लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तेच. २० जून १९४८ रोजी पश्चिम जर्मनीत नवा मार्क आला, तेव्हा माणशी चाळीस मार्क हाती पडले आणि तेवढ्यावर लोकांनी संसार नव्याने मांडला.

वाचक म्हणतील, मग या लोकांना नोटेचा तिटकारा यायला हवा. उलट प्रेम कसे? मीही तोच विचार करीत होतो. पण १९४८ चा तो मार्क पुढे अर्धशतकाहून अधिक काळ खणखणीत राहिला. २००२ साली युरोच्या नोटा आल्या, तरी बारा अब्जांहून अधिक मार्क अजून लोकांनी परत केलेले नाहीत, आणि तिथली मध्यवर्ती बँक ते आजही मुदतीवाचून बदलून देते. शिवाय जर्मन भाषेत कर्जाला आणि अपराधाला मुळात एकच शब्द आहे, 'शुल्ड'. जिथे उधारी उच्चारतानाच अपराध्यासारखे वाटते, तिथे उधारीचे कार्ड कोण मिरवणार!

दुसरा धागा याहून नाजूक आहे. या देशाने नाझींची राजवट पाहिली. पूर्व भागाने तर पुढे चाळीस वर्षे गुप्त पोलिसांची पाळत सोसली. कोण कुठे गेला, कोणाला भेटला, याची टिपणे ठेवणारे सरकार काय करू शकते, हे त्यांना कोणी शिकवायला नको. १९८३ साली खानेसुमारीच्या खटल्यात तिथल्या घटना न्यायालयाने, आपली माहिती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा आहे, असा निकाल दिला. नोटेवर कोणाचे नाव नसते. चेरी घेणाऱ्याने चेरी घेतल्या, एवढेच. ते बाईला ठाऊक आणि त्याला ठाऊक.

मग माझ्या ध्यानात आले. त्या पाटीतला अविश्वास गिऱ्हाइकावर नाहीच. तो आहे दोघांच्या मध्ये बसून हिशेब टिपणाऱ्या तिसऱ्यावर.

अर्थात, सगळेच रोखवाले साधुसंत नसतात. गल्ल्यातली रोकड करखात्याच्या नजरेतून निसटते, हे सरकारलाही कळते. म्हणून १ जानेवारी २०२० पासून हिशेबी यंत्र वापरणाऱ्या दुकानदाराने पावती दिलीच पाहिजे, असा कायदा आहे. आणि वाराही पालटतो आहे. मध्यवर्ती बँकेच्या पाहणीप्रमाणे २०१७ साली शंभरातले ७४ व्यवहार रोखीने होत. २०२३ साली ते ५१ वर आले.

तिथून आम्ही स्वित्झर्लंडकडे वळलो. वाटेत ब्यूझिंगेन नावाचे जर्मनीचे एक गाव लागते. चारी बाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेले! सरकारी चलन युरो, पण रोजचा व्यवहार स्विस फ्रँकचा. झुरिकमध्ये कार्डपक्षाचे राज्य पुन्हा आले. चहाच्या कपापासून ट्रामपर्यंत सारे कार्डावर. तरीही हजार फ्रँकची नोट तिथे अजून चलनात आहे. आणि दहा राप्पेनचे इवलेसे नाणे १८७९ पासून जवळपास तसेच आहे. त्या सालचे नाणे आजही दुकानात चालते. ज्या वर्षी आपले वासुदेव बळवंत फडके पकडले गेले, त्या वर्षीचे नाणे देऊन आज खरेदी करता यावी, याचे मला मोठे नवल वाटले. युरोची नोट तिथे पुष्कळ ठिकाणी घेतात, पण सुटे परत देतात ते फ्रँकमध्ये, हे मात्र लक्षात ठेवावे.

बोडेनसे सरोवराच्या काठाने ऑस्ट्रियाकडे जाताना रस्त्यालगत फुलांचे शेत लागले. सूर्यफुले आणि ग्लॅडिओली ओळीने उभी. राखणदार नाही, दुकान नाही. एक दरपत्रक, साखळीला बांधलेली सुरी आणि कुलपाची लोखंडी पेटी. फुले आपण कापायची, मोजायची आणि पैसे पेटीत टाकायचे. सौ.नी पाच सूर्यफुले कापली आणि नाणी एकेक करून फटीतून सोडली. पेटीतून खण्‌ असा आवाज आला. चिरंजीव काही न बोलता पेटीकडे पाहत राहिले. मग खिशातले उरलेसुरले सुटे काढून त्यांनी आणखी दोन फुले घेतली.

व्हिएन्नाच्या कॉफीगृहात दोन्ही पक्षांचा समेट झाला. तिथे एका कप कॉफीवर तासभर वर्तमानपत्र वाचत बसले तरी कोणी उठवत नाही. वाढपी एका हातात कार्डाचे यंत्र आणि कमरेला जाडजूड काळे पाकीट घेऊन आला. बिल चिरंजीवांनी कार्डावर भागवले; बक्षिशी सौ.नी मोझार्टची छबी असलेल्या ऑस्ट्रियन युरोने दिली. बक्षिशीला तिकडे 'ट्रिंकगेल्ड' म्हणतात, म्हणजे पिण्याचे पैसे. आपले चहापाणीच ते!

तेव्हा त्या मुलखात जाणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. कार्ड जरूर न्या, पण परदेशातील वापर निघण्यापूर्वी बँकेकडून चालू करून घ्या. यंत्राने 'रुपये की युरो' असे विचारले तर युरोच म्हणा, म्हणजे हुंडणावळीत फसगत होणार नाही. नोटा बँकेच्याच यंत्रातून काढा. माणशी पन्नासेक युरो लहान नोटांत आणि काही नाणी सदैव जवळ असू द्या. स्वच्छतागृहापासून सामानाच्या कपाटापर्यंत ती कामी येतात. आणि एखाद्या फुलांच्या शेतापाशी थांबलात, तर मोजून पैसे टाका. तिथे पाहायला कोणी नसते. आपण टाकूच, असे धरून चाललेले असते.