लीग सुटली, सामना सुटू नये

कॉलेज बास्केटबॉलचं वेळापत्रक बांधणं हे माझं काम. जानेवारीपासूनचे सामने लीग ठरवून देते, त्यात आमचं काही चालत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमधला जवळजवळ प्रत्येक सामना मात्र लेखी करार करूनच ठरतो. परीक्षा, हॉलच्या तारखा, टीव्हीची वेळ हे सगळं जुळलं तरी एका बाजूची इच्छा नसेल, तर तिथेच घोडं अडतं. कॅन्सस आणि मिसूरी यांचं नऊ वर्षं तसंच अडलं होतं.

दोन्ही अमेरिकेतल्या शेजारच्या राज्यांतली सरकारी विद्यापीठं. वैर जुनं, गुलामगिरीच्या प्रश्नावरून सीमेवर सांडलेल्या रक्ताचं. १८६१ मध्ये कॅन्ससच्या टोळ्यांनी मिसूरीतलं ओसिओला जाळलं. १८६३ मध्ये क्वांट्रिल नावाच्या म्होरक्याच्या टोळीने मिसूरीतून येऊन लॉरेन्स, म्हणजे कॅन्सस विद्यापीठाचं आजचं गाव, जाळलं. बास्केटबॉलमध्ये हे संघ १९०७ मध्ये प्रथम भिडले, तेव्हा कॅन्ससचे प्रशिक्षक होते खुद्द खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ.

२०१२ मध्ये मिसूरीने बिग ट्वेल्व्ह ही दोघांची लीग सोडून साउथईस्टर्न कॉन्फरन्सची वाट धरली. अशा स्थलांतरांमागे फुटबॉल आणि टीव्हीचा पैसा असतो. बास्केटबॉलला कोणी विचारत नाही. एका लीगमधल्या त्या शेवटच्या मोसमात, ४ फेब्रुवारीला, आपल्या गावी कोलंबियात मिसूरी ७४-७१ ने जिंकला. तीन आठवड्यांनी लॉरेन्सच्या ॲलन फील्डहाउसमध्ये परतीचा सामना झाला. मिसूरी १९ गुणांनी पुढे होता, आणि कॅन्ससने ती सगळी पिछाडी भरून काढली. बरोबरी असताना, अगदी शेवटच्या क्षणी मिसूरीचा फिल प्रेसी बास्केटकडे झेपावला आणि कॅन्ससच्या थॉमस रॉबिन्सनने त्याचा चेंडू अडवला. मिसूरीवाले आजही तो फाउल होता असंच म्हणतात. जादा वेळेत टायशॉन टेलरच्या दोन फ्री थ्रोंवर कॅन्सस ८७-८६ ने जिंकला.

आणि मग काहीच नाही. वाटणी मागून घर सोडलेल्या भावाशी बोलणं टाकावं, तसा कॅन्ससचा पवित्रा होता. व्यवहार म्हणून तो मला कळतो, कारण त्यांचा हॉल कोणीही पाहुणा आला तरी भरतो. पण चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांचा हिशेब कोणी केला? त्यांच्या दोन पिढ्या हा सामना एकदाही न बघता कॉलेजातून गेल्या.

२०१७ मध्ये वादळग्रस्तांच्या मदतीसाठी दोघे कॅन्सस सिटीत एक प्रदर्शनी सामना खेळले. २०१९ मध्ये सहा सामन्यांचा करार झाला, कोविडमुळे सुरुवात लांबली, आणि अखेर डिसेंबर २०२१ मध्ये कॅन्ससने १०२-६५ असा धुव्वा उडवला. पुढची दोन वर्षंही कॅन्ससचीच. मग ८ डिसेंबर २०२४ ला, आदल्या मोसमात लीगचे सगळे १८ सामने हरलेल्या मिसूरीने अव्वल क्रमांकाच्या कॅन्ससला ७६-६७ असं पाणी पाजलं. विद्यार्थी कोर्टवर धावून आले.

डिसेंबरच्या एका सामन्यात फेब्रुवारीतली धग नसते, हे मी मान्य करतो. लीगचं विजेतेपद पणाला नसतं, तीन आठवड्यांत उट्टं काढता येत नाही. म्हणून तर जे उरलंय ते जपून वापरायला हवं. २०१९ च्या करारात कॅन्सस सिटीच्या तटस्थ हॉललाही दोन सामने दिले होते. तिथे प्रायोजक आणि जुने माजी विद्यार्थी सहज पोचतात, वसतिगृहातली मुलं पोचत नाहीत. दोन्ही विद्यापीठांना माझी विनंती एवढीच: यापुढचा करार दहा वर्षांचा करा, आणि सगळे सामने लॉरेन्स आणि कोलंबियातच ठेवा.