शरदात चला गर्भगिरीच्या डोंगरात

बाजरीची काढणी उरकली, ज्वारी पेरून झाली आणि मोहटादेवीची नवरात्राची यात्रा पांगली, की पाथर्डी तालुक्यातल्या घरांना थोडी उसंत मिळते. बंधुभगिनींनो, त्यातली एक सकाळ मुलाबाळांसह गर्भगिरीच्या डोंगरासाठी राखून ठेवा. वृद्धेश्वर, मढी, मोहटा या देवस्थानांना आपण वरचेवर जातो, पण दर्शन झाले की माघारी फिरतो. आजूबाजूच्या माळावर कोण राहते, ते पाहायचे राहूनच जाते.

पाऊस सरला, ओढ्याला थोडे पाणी आहे, काठचा चिखल अजून ओला आहे. त्या चिखलात रात्रीची सारी हजेरी उमटलेली असते. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या ठशात नखे दिसतात. बिबट्याचा ठसा गोलसर असतो आणि त्यात बहुधा नखे उमटत नाहीत. ठशाशेजारी आगपेटी ठेवून फोटो घ्या, म्हणजे माप कळते. गावात नुसती आवई उठण्यापेक्षा असा फोटो वनरक्षकाला दाखवलेला बरा.

मोर दिसला आणि त्याला पिसारा नसला तर हळहळू नका. पावसाळ्याच्या अखेरीस तो लांब पिसे गाळतो, ती पुन्हा येतात. हरीण दिसले तर शिंगे पाहा. चिंकारा नर-मादी दोघांनाही शिंगे असतात, मादीची बारीक. पिळाच्या शिंगांचा काळवीट पाहायचा असेल तर आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात रेहेकुरीला जा. त्याच्यासाठी तिथे 1980 साली अभयारण्य झाले.

फोटो काढताना सूर्य पाठीशी असावा आणि वारा जनावराकडून आपल्याकडे यावा. मोबाइलमधले चित्र फार मोठे केले की पुसट होते, म्हणून पाय पुढे पुढे पडतात. तो मोह आवरा. चरता चरता जनावराने मान वर केली, की आपण थांबायचे. चित्रात हरीण लहान आले तरी चालेल, भोवतीचा माळ आणि बाभळीही येऊ द्या. कुत्रे मात्र घरीच बांधून ठेवा. सशामागे किंवा हरणाच्या पाडसामागे ते लागले, की सगळाच खेळ संपतो.

एक गोष्ट विसरू नका. 2020 च्या ऑक्टोबरात याच तालुक्यात बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले. ते दुःख अजून ताजे आहे. म्हणून चांगले उजाडल्यावर निघा आणि दिवस मावळायच्या आत घरी या. मुलांना मध्ये ठेवा, उसात किंवा दाट झुडपात पाठवू नका. ओणवे किंवा उकिडवे बसलेले मूल बिबट्याला लहान सावजासारखे भासते. ताजा ठसा दिसला तर मागोवा न घेता परत फिरा.

घरी आल्यावर फोटो आजी-आजोबांना दाखवा. पूर्वी कोणत्या ओढ्यावर काय दिसायचे ते विचारा आणि मुलांना तारीख घालून वहीत उतरवायला सांगा. पुढच्या शरदात तीच वही घेऊन त्याच वाटेने जा. माळावर काय वाढले आणि काय हरवले, ते तुम्हालाच कळेल.