पहिली सागरसफर कोणासाठी?

पुणे-नगर रस्त्यावरील सणसवाडीच्या चौकात उभे राहिले असता समुद्राची आठवण व्हावी असे काहीही दृष्टीस पडत नाही. कारखान्यांची पत्र्याची छपरे, पाळी सुटल्यावर घाईने रस्ता ओलांडणारे कामगार, चहाच्या टपऱ्या आणि रात्रंदिवस धावणारी वाहने. नाही म्हणायला न्हावा-शेवा बंदराकडे निघालेले कंटेनरचे ट्रेलर तेवढे रांगेने जाताना दिसतात. आम्हीही घाटमाथ्यावरचेच. गालील सरोवरातील वादळावर आम्ही आजवर अनेक प्रवचने केली. परंतु स्वतः समुद्र पाहिला तो सेमिनरीत आल्यानंतर, विशी उलटून गेल्यावर. समुद्र आमच्या बायबलात होता, डोळ्यांपुढे नव्हता.

म्हणूनच २०२३ च्या आरंभी सणसवाडीतील एका कुटुंबाने जेव्हा आम्हांला विचारले, "फादर, कॅरिबियनला बोटीने फिरायला जावे म्हणतो, तुमचा सल्ला काय?" तेव्हा आम्ही क्षणभर गोंधळून गेलो. लग्न, शाळा, कर्ज, भाऊबंदकी या विषयांवर धर्मगुरूचा सल्ला घेण्याची आपल्याकडे रीत आहे. सागरसफरीवर कोणी विचारील असे सेमिनरीत आम्हांला कोणी शिकवले नव्हते.

कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातील, श्रीरामपूरकडचे. गृहस्थ तीस वर्षांपूर्वी फिटर म्हणून कारखान्यात लागले. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारच्या मिस्सालासुद्धा पाळी बघून यावे लागे. एवढ्या वर्षांत त्यांनी केलेले प्रवास म्हणजे सप्टेंबरातील हरेगावच्या मतमाउलीची यात्रा आणि नातलगांची लग्ने. मुलगी परिचारिका होऊन अमेरिकेत गेली. तिने दोन वर्षे पैसे साठवले आणि आईवडील व धाकटा भाऊ यांना फ्लोरिडाहून निघणाऱ्या सात रात्रींच्या सफरीला नेण्याचा बेत आखला. घरात आणखी एक व्यक्ती होती : गृहस्थांची आई, वय ७८, गुडघे निकामी झालेले. त्यांचा या बेतात समावेश नव्हता आणि तसे उघडपणे कोणी बोलतही नव्हते.

एका गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी बसलो. गृहस्थांचा भाचा एका परदेशी प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात काम करतो. आठ महिन्यांचा करार संपवून तो नुकताच परतला होता. त्याने आम्हां सर्वांची शाळाच घेतली. कॅरिबियनच्या सफरींचे ढोबळमानाने तीन मार्ग : पूर्वेकडे सेंट थॉमस, सेंट मार्टिन, सान हुआन; पश्चिमेकडे मेक्सिकोचे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका; आणि दक्षिणेकडे बार्बाडोस, अरुबा, क्युरासाव. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा काळ आणि सप्टेंबरात त्याचा जोर सर्वाधिक. त्या दिवसांत भाडे उतरते, परंतु जहाजाला ऐनवेळी मार्ग बदलावा लागतो. जहाज अमेरिकेच्या बंदरातून सुटून पुन्हा तेथेच परतते, म्हणून व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा. आपल्या मनाने किनाऱ्यावर हिंडायला गेलेला प्रवासी वेळेत परतला नाही, तर जहाज त्याच्यासाठी थांबत नाही. तिकिटात राहणे-जेवण येते. पण किनाऱ्यावरच्या सहली, जहाजावरचा डॉक्टर, नोकरांची बक्षिसी यांचा खर्च वेगळा. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे कमी जाणवतात, बोट लागण्याची भीती कमी होते.

आम्ही हे सारे कुतूहलाने ऐकत होतो. त्या समुद्राशी आपल्या देशाचे जुने नाते आहे, हेही आम्ही त्यांना सांगितले. १८४५ साली 'फतेल रझाक' नावाचे जहाज दोनशेहून अधिक भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचले. पुढे १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे करारावर तिकडे ऊस तोडायला गेली. कलकत्त्याहून निघालेला प्रवास तीन-तीन महिने चाले. आज ज्या बेटांची रंगीत चित्रे आपण पाहतो, तेथे आपले लोक सर्वप्रथम गेले ते जहाजांच्या पोटात बसून. त्याच त्रिनिदादमधील सिपारिया गावच्या चर्चमध्ये पवित्र मरियेची एक मूर्ती आहे. कॅथलिक लोक तिला दैवी मेंढपाळीण म्हणतात आणि मजुरांचे हिंदू वंशज तिलाच 'सिपारी माई' म्हणून नवस बोलतात. हे ऐकताच कोपऱ्यात मेथी निवडीत बसलेल्या आजींनी मान वर केली. "म्हंजी आपल्या हरेगावावानीच की," त्या म्हणाल्या.

यानंतर गृहस्थांनी हळूच मुख्य प्रश्न काढला. "आईचं काय करावं, फादर?" आणि आमच्याकडून चूक झाली. आम्ही विचार न करता बोलून गेलो, "त्याची काळजी कशाला? दहा-पंधरा दिवस सिस्टरांकडे त्यांची सोय होईल. तुम्ही निश्चिंत मनाने जा." सर्वांचे चेहरे उजळले. आजींचाही आवाज तत्परतेने आला, "जा बाबांनो. मला काय करायचाय दर्या?"

निघताना आम्ही चपला घालीत होतो. आजी भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आल्या आणि कोणी ऐकत नाही असे पाहून त्यांनी विचारले, "फादर, दर्याचा पल्याडचा काठ दिसत न्हाई म्हंत्यात. खरं का वं?"

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. जिला समुद्राची इच्छा नाही असे आपण सर्वांनी मिळून ठरवून टाकले होते, ती बाई ७८ वर्षे हा एक प्रश्न मनात बाळगून होती. आणि प्रवचनांतून 'घरातील वडीलधाऱ्यांचा मान राखा' असे सांगणारे आम्ही, त्यांची सोय लावण्याचा मार्ग पहिल्या झटक्यात सुचवून मोकळे झालो होतो. 'सोय' या शब्दाची आम्हांला लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो आणि सर्वांसमक्ष आमचा सल्ला मागे घेतला. आम्ही म्हणालो, "कॅरिबियनला जाऊ नका असे आमचे म्हणणे नाही. मात्र कुटुंबाची पहिली सफर निवडताना माप कोणाचे घ्यायचे, ते आधी ठरवा. घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला झेपेल ती सफर पहिली. बाकीच्यांना झेपेल ती दुसरी."

हे बोलणे सोपे होते. पेलायचे होते त्या कुटुंबाला. धाकटा नाराज झाला. त्याने मित्रांना सांगून ठेवले होते. मुलगी तर फोनवर रडलीच. तिने रात्रपाळ्या करून साठवलेले पैसे होते ते. आपली भेट नाकारली गेली असे तिला वाटले. तिची बाजू खोटी नव्हती. आजींना इतक्या लांबच्या विमानप्रवासाला न्यावे, तर डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली. व्हिसाच्या मुलाखतीसाठी त्या काळात मुंबईत अनेक महिने थांबावे लागत होते, ते निराळेच.

मार्ग सुचवला तो भाच्याने. तो म्हणाला, "मामा, ज्या समुद्रासाठी तुम्ही एवढं चाललाय, त्या समुद्रातली बोटच मुंबईला आलीय." त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. फ्रान्समधील सेंट-नझेर येथे बांधलेले 'नॉर्डिक एम्प्रेस' हे जहाज १९९० साली मायामीहून बहामा बेटांच्या सफरी करू लागले. पुढे त्याचे नाव 'एम्प्रेस ऑफ द सीज' झाले आणि ते क्युबापर्यंत जाऊन आले. करोनाच्या साथीत ते विकले गेले आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचे 'एम्प्रेस' म्हणून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी करू लागले. २०० मीटरहून अधिक लांब, सुमारे ४८ हजार टनांचे. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून सुटू लागलेल्या, २० मजल्यांच्या 'आयकॉन ऑफ द सीज'पुढे ते लहानच. पण ७८ वर्षांच्या गुडघ्यांना लहान जहाजच बरे. देशातल्या देशात प्रवास, म्हणून व्हिसाचा प्रश्न नाही. दोनच रात्री, म्हणून औषधपाण्याची धास्ती नाही.

मुंबई-गोवा हा जलमार्ग आपल्या लोकांना नवा नाही. भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या आगबोटी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला जात. 'कोकण शक्ती', 'कोकण सेवक' ही नावे कोकणातील जुन्या मंडळींच्या तोंडी अजून आहेत. डेकवर पथारी टाकून, भाकरीचे गाठोडे उशाशी घेऊन चाकरमानी गावाला जात. त्यांच्यासाठी ती चैन नव्हती, ती वाट होती. पावसाळ्यात ही वाट बंद असे, कारण समुद्र कोणाची भीड ठेवीत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कॅरिबियनचे चक्रीवादळ असो वा आपला आषाढ, ऋतू पाहून निघावे हा धडा दोन्ही समुद्रांचा एकच. म्हणून नोव्हेंबर ठरला. मुलीने रजा काढून स्वतःच यायचे कबूल केले.

केबिनवरून पुन्हा वाद झाला. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त, आणि झोपायलाच तर जायचे, असा गृहस्थांचा हिशेब. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाला तो शोभणाराच होता. भाचा म्हणाला, "मामा, आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की दिवस का रात्र ते कळत नाही. आजी उजेड पाहून उठते. ती घाबरेल." मुलीने तेवढ्यावरून निर्णय घेतला. कॅरिबियनसाठी साठवलेल्या पैशांतून तिने आजींसाठी खिडकीची केबिन घेतली. उरलेले पैसे तिने तसेच ठेवले. कर्ज काढून कोणी जाऊ नये, हा आमचा आग्रहही सर्वांनी मानला.

आम्ही त्यांच्याबरोबर नव्हतो. पुढचे सारे परत आल्यावर ऐकलेले. बॅलार्ड पिअरवर आजींना चाकाच्या खुर्चीतून जहाजात नेले. रात्री रोषणाई, गाणी, नाच असे पुष्कळ होते. धाकटा त्यात रमला. आजी मात्र कानात कापूस घालून लवकर निजल्या. जेवण वाढणारा एक पोरगा वसईचा निघाला. तो त्यांना आजी म्हणू लागला आणि त्यांच्यासाठी मऊ भात वेगळा आणू लागला. तो घरापासून पाच महिने दूर आहे हे कळल्यावर आजींनी त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण केली. जहाजावर आपण सुट्टी घेतो तेव्हा कोणीतरी तेथे पाळी करीत असतो. स्वतः तीस वर्षे पाळी केलेल्या गृहस्थांनी ते ओळखले आणि उतरताना त्या मुलाचा हात बराच वेळ हातात धरला.

गोव्यात मुरगावला उतरून ते जुन्या गोव्याला बॉम जेझूच्या बासिलिकेत गेले. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघून ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचले. तेरा महिने चाललेल्या त्या प्रवासात ते जहाजावरील आजाऱ्यांची शुश्रूषा करीत आले. सागरप्रवासाचे माप त्यांनीही अशक्तांवरूनच घेतले होते, असे आम्हांला आता वाटते.

परतीच्या पहाटे आजी नेहमीप्रमाणे उठल्या, रोझरी हातात घेऊन खिडकीशी बसल्या आणि उजाडण्याची वाट पाहू लागल्या. नात त्यांच्या शेजारी येऊन बसली. दोघी कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. भेट नाकारली गेल्याचे दुःख आपल्या मनातून त्या पहाटे गेले, असे मुलीने नंतर आम्हांला सांगितले.

सणसवाडीला परतल्यावर आम्ही भेटायला गेलो. उंबऱ्यातच आजी म्हणाल्या, "फादर, खरंच न्हाई दिसत वं पल्याडचा काठ. पर भ्या न्हाई वाटलं." पुढच्या, म्हणजे २०२४ च्या, उपवासकाळात त्या देवाघरी गेल्या. त्यांच्या अंत्यविधीत आम्ही हेच वाक्य सांगितले. अधिक काही सांगण्याची गरज भासली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये, वादळांचा काळ टाळून, ते कुटुंब मुलीबरोबर कॅरिबियनला जाऊन आले. जाण्यापूर्वी त्यांनी पुन्हा आमचा सल्ला विचारला. आम्ही हसून म्हणालो, "आता तुम्हीच आम्हांला शिकवा." गृहस्थ म्हणाले, "केबिन खिडकीचीच घेतलीय, फादर. तिथं कुणाला तरी पहाटे उठून बसावंसं वाटंल."